गरिबी परत पाठव

शहापूर
१८ नोव्हेंबर २०२४

दर्शू,

आशीर्वाद आधी घे, रागावणं मागाहून येतंय.

काल तू फोनवर मोराच्या शाळेच्या फीसवलतीचा विषय काढलास आणि फोन कट झाला. रेंज गेली नव्हती, मीच कापला. असल्या गोष्टी फोनवर बोलायच्या नसतात. ब्लू पिकॉक इंटरनॅशनलवाले पोचलेले आहेत. अर्जावर नंबर दिसला की ते तुमचं स्टेटस बघतात म्हणे. एका बाईनं पुतण्याच्या हळदीत नाचतानाचा व्हिडिओ टाकला होता, तिचा अर्ज तिथंच बाद. मुळात मोबाईल असणंच गरिबीला शोभत नाही. म्हणून यापुढं जे काय ते कागदावर. दाजींची जीप रोज सरळगावला येतेच. तिथं शहापूरच्या एसटीच्या कंडक्टरकडं पत्र दिलं की संध्याकाळी माझ्या टाइल्सच्या दुकानात पोचतं.

आता मुद्द्याचं. पाचवीला सवलतीची एकच जागा आहे, तेव्हा अर्ज नीट भर. आमच्या रितेशचंही नाव तिथंच घालतोय, पण आम्ही पूर्ण फी भरू, देवाच्या दयेनं. तुझी गोष्ट वेगळी. तुम्ही गरीब आहात यात वाद नाही, पण तुम्हाला गरिबी दाखवता येत नाही, ही तुमच्या वाडीची जुनी खोड आहे. अर्जात कुठंही "आमचं बरं चाललंय" असं लिहू नकोस. सवय असते आपल्याला.

तुझा,
दिपेशदादा

—

टोकावड्याच्या वरची वाडी
२५ नोव्हेंबर

दादा,

आशीर्वाद आणि रागावणं दोन्ही पोचलं. कंडक्टर म्हणाला, भावानं पत्राला एवढा डिंक लावलाय की आत सोनं असेल असं वाटलं.

अर्ज भरला. मुरबाडला दाखल्यासाठी दोन फेऱ्या झाल्या, पण त्यापेक्षा अर्जातल्या प्रश्नांनी दमवलं. गेल्या तीन वर्षांत कुटुंबानं केलेले परदेश प्रवास लिहा, असं होतं. हे म्हणाले, "माळशेज चढून ओतूरला गेलतो भाडं घेऊन, ता लिवू का?" घरकामाला किती माणसं आहेत, असं विचारलं तर सासूबाई म्हणाल्या, "एक हाये. मी." पाळीव प्राण्यांची जात विचारली होती, तिथं शेळी लिहिलं. वाहनाच्या रकान्यात जीप लिहिली आणि पुढं शेठची आहे असं लिहायला जागाच नव्हती, म्हणून बारीक अक्षरात समासात लिहिलं.

सासूबाईंना हा सगळा प्रकार पसंत नाही. "गरीब हाव असा आपल्याच हातानं लिवून द्याचा? लोकांनी म्हटला तं गोष्ट निराळी," असं म्हणून त्या दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

पण दादा, मी काय करू? वाडीची शाळा चौथीत संपते. पुढं ज्या मुली गेल्या त्या ओढ्याला पाणी आलं की घरी बसल्या, आणि मग बसल्याच. शेजारच्या सुंदराची लहानी हुशार होती, आता आईबापाबरोबर वीटभट्टीवर जाते. मोराच्या शाळेची बस आमच्या फाट्यावर थांबते. प्रवेशपरीक्षेच्या दिवशी त्यांनी आमच्या हर्षालीला सूक्ष्मदर्शकातून कांद्याचं साल दाखवलं. तेव्हापासून ही पोर फ्रॉकच्या खिशात खेकड्याचा पाय घेऊन फिरते. शाळेत गेल्यावर पहिल्यांदा तोच बघायचा आहे म्हणते. वास येतो, पण टाकू देत नाही. परीक्षेत तिला चांगले गुण आहेत. आता फक्त आम्ही किती गरीब आहोत तेवढंच ठरायचं राहिलंय.

तुझी दर्शू

—

शहापूर
४ डिसेंबर

दर्शू,

महत्त्वाची बातमी आहे, बसून वाच. समिती घरी येऊन पाहणी करते. सोनाली मॅडम म्हणून एक आहेत आणि बरोबर एक ट्रस्टी असतात. फोटो काढतात. हे मी एका ओळखीच्याकडून काढून घेतलंय.

तेव्हा ऐक. घर होतं तसं राहू दे, शक्य तर त्याहून थोडं कमी. भिंत सारवू नकोस. भांडी घासून मांडणीवर लावू नकोस. दाजींना दाढी करू देऊ नकोस. चहा द्यायचाच तर कोरा, कानतुटक्या कपात. सासूबाईंना त्या दिवशी शेतावर पाठव. त्या असल्या की घरात गरिबी टिकत नाही.

आणि एक छोटं काम. रितेशच्या आत्ताच्या शाळेत स्नेहसंमेलन आहे, त्यात 'खेड्यातलं जीवन' असा देखावा आहे. तुझी ती उचलून नेता येते ती मातीची चूल, काळा कंदील आणि ती मोठी ठिगळांची गोधडी दाजींबरोबर सरळगावपर्यंत पाठव. तिथून मी टेम्पो सांगतो. शहापुरात असल्या वस्तू आता मिळत नाहीत. चांगल्या अवस्थेतल्या पाठवू नकोस, खऱ्या वाटल्या पाहिजेत.

बाकी ठीक. फ्रीज दुरुस्तीला दिलाय. गाडी सासऱ्यांच्या अंगणात लावलीय, इथं ऊन फार लागतं तिला.

दिपेशदादा

ता. क. तुझी नेहावहिनी विचारते, तुझी एखादी विटकी साडी आहे का? देखाव्यासाठीच.

—

वाडी
२३ डिसेंबर

दादा,

चूल, कंदील, गोधडी आणि माझी निळी साडी मिळाली असेलच. डिसेंबरात गाडीला ऊन लागतं हे ऐकून हे फार हसले. गोधडी मात्र जपून वापर. सासूबाईंनी आपल्या लग्नाच्या लाल लुगड्याचे त्रिकोण तिच्या चारही कोपऱ्यांना लावलेत.

समिती येऊन गेली. तू सांगितलेलं मी सगळं केलं होतं, शपथ. यांची दाढीसुद्धा वाढू दिली होती. पण आमच्या वाडीची रीत तुला ठाऊक आहे. परका माणूस कुणाचंही घर बघायला येवो, मुलगी बघायला असो की खानेसुमारीला, ज्या घरी तो येणार तिथं सगळी वाडी आपापली चांगली वस्तू आणून ठेवते. आपल्याकडंही हेच नव्हतं का? वहिनीचे वडील आपलं घर बघायला आले तेव्हा त्यांनी उघडून पाहिलेलं लोखंडी कपाट शेजारच्या दामूकाकांचं होतं. तुझं लग्न त्या कपाटावर जमलं.

सकाळी मी पाणी भरून आले तर लडकूच्या चार लाल खुर्च्या ओटीवर होत्या. सुंदरानं टीव्ही आणला, आणि माझी चूल तुझ्याकडं गेली हे कळल्यावर आपली गॅसची शेगडी सिलिंडरसकट आणली. कुणी पंखा आणला, कुणी कपाट ओढत आणलं. मी म्हटलं, अरे, त्यांना गरिबी बघायची आहे. लडकू म्हणाला, "ती रोजच हाये गो. पाव्हण्यांना कशाला?" सासूबाई शेतावर गेल्याच नाहीत. त्यांनी कोंबडा कापला. "माझ्या घरचा पाव्हणा कोऱ्या च्यावर गेला तं मेलेली बरी," म्हणाल्या.

ट्रस्टीसाहेब तीन भाकऱ्या जेवले आणि रस्सा मागून घेतला. मॅडम पंख्याचा फोटो काढत होत्या. त्यांनी मला विचारलं, "हे सगळं तुमचंच का?" दादा, दारात सगळी वाडी उभी होती. लडकू, सुंदरा, पोरंबाळं, सगळी कौतुकानं बघत होती. मी काय म्हणणार होते? मी म्हटलं, "हो, आपलंच आहे."

मी चूक केली का रे?

दर्शू

—

शहापूर
३० डिसेंबर

दर्शू,

कोंबडा? फीसवलतीच्या पाहणीला कोंबडा?

मी यावर काही बोलत नाही. आता निकाल आपल्या हातात नाही. एका जागेसाठी किती लोक असतात, काय काय करतात, तुला कल्पना नाही. ज्याच्या नशिबात असेल त्याला मिळेल, आपण मन मोठं ठेवावं. हर्षालीला दुसऱ्याही शाळा आहेत.

चूल वगैरे एवढ्यात परत पाठवता येणार नाही. स्नेहसंमेलन लांबलंय.

दिपेश

—

वाडी
२० जानेवारी २०२५

दादा,

शाळेचं पत्र आलं. तुला वाचायला मिळावं म्हणून उतरवून देते: "आपले कुटुंब सुस्थितीत असून आदरातिथ्यावर मोठा खर्च करीत असल्याचे पाहणीत आढळले. सबब साहाय्य अधिक गरजू कुटुंबास देण्यात आले आहे." रस्सा मागून घेणारे ते, आणि खर्च करणारे आम्ही.

मी स्वतः शाळेत गेले. ऑफिसबाहेर मोठा फलक आहे, त्यावर 'आम्ही पोचलो गरजूंच्या दारी' असं लिहून भला थोरला फोटो लावलाय. एक कुटुंब जमिनीवर बसलंय. गरिबांची अब्रू जपायची म्हणून तिघांच्या तोंडांवर मोराचे स्टिकर चिकटवलेत. तोंडं झाकली, पण चूल झाकली नाही. त्या चुलीच्या कडेला हर्षालीनं ओल्या मातीत हिरव्या बांगडीचा तुकडा रुतवला होता, तो लख्ख दिसतो. तिघांच्या खाली गोधडी आहे, कोपऱ्याला लाल त्रिकोण. बाईच्या अंगावर माझी निळी साडी आहे. मागं ग्रॅनाइटच्या ओट्यावर चादर टाकलीय, ती एका बाजूनं घसरलीय.

मी फलकासमोर किती वेळ उभी होते मला माहीत नाही. शिपाई म्हणाला, "बाई, वळखीचे हायेत का?" मी म्हटलं, "चूल ओळखीची आहे."

दादा, तुला हवं होतं तर मागायचंस. मी रागानं वेडी झालेय आणि तरी हे पत्र तुलाच लिहितेय, कारण तूच एकटा मला अर्ज कसा करायचा ते सांगणारा. मी शाळेत तुझं नाव घेतलं नाही. फक्त आमचं घर पुन्हा बघा अशी विनंती केली. पुढच्या मंगळवारी ते येणार आहेत.

तेव्हा माझी गरिबी परत पाठव. चूल, कंदील, गोधडी, सगळं. सोमवारपर्यंत.

दर्शना

—

शहापूर
२३ जानेवारी

दर्शू,

तू चिडलीस हे समजू शकतो. पण माझी बाजू ऐकून घे.

मी अर्ज भरला तो फक्त कसा भरतात ते बघायला, म्हणजे तुला नीट सांगता यावं. भरता भरता लक्षात आलं की आपणही तसे गरीबच आहोत. दुकान कर्जावर, फ्लॅट कर्जावर, गाडी हप्त्यावर, फ्रीजसुद्धा हप्त्यावर. तुझ्या नावावर एक तरी हप्ता आहे का? नाही. मग खरा गरीब कोण, तूच सांग. शिवाय इथं सगळेच करतात. आमच्या सोसायटीतल्या एकानं पाहणीसाठी आठवडाभर लिफ्ट बंद ठेवली होती.

वस्तू मात्र आत्ता देता येत नाहीत. समिती निवड झालेल्यांकडंही अचानक येते म्हणे. चूल गेली तर मी काय दाखवू? तू थोडं सांभाळून घे. नेहानं तुझ्यासाठी दोन चांगल्या साड्या काढून ठेवल्यात.

दिपेशदादा

—

वाडी
३१ जानेवारी

दिपेशदादा,

मंगळवार झाला.

या वेळी मी घरोघरी जाऊन हात जोडले, काही आणू नका म्हणून. लडकू रुसला. त्यानं खुर्च्या धुऊन ठेवल्या होत्या. सासूबाईंनाही समजावलं. त्यांनी कोरा चहा केला आणि पाहुण्यांकडं पाठ करून बसल्या. घरात होतं तेवढंच होतं.

सोनाली मॅडम दारातच थबकल्या. मोबाईलमध्ये मागचे फोटो काढून त्या एकेक वस्तू विचारू लागल्या. पंखा कुठाय? टीव्ही कुठाय? कपाट? शेवटी मी तोंड उघडलं. म्हटलं, मॅडम, ते सगळं वाडीचं होतं, पाहुणे येणार म्हणून मागून आणलेलं. त्या हसल्या. म्हणाल्या, "आणि आता वाडीत लपवलंय, हो ना?" मग दोघं उठून घरोघरी गेले. लडकूच्या ओटीवर चार लाल खुर्च्या दिसल्या तसे ट्रस्टीसाहेब ओरडले, "सापडल्या!" सुंदराकडं टीव्ही सापडला. लडकू बिचारा शपथा घेऊन सांगत होता की खुर्च्या माझ्याच आहेत. त्यावर मॅडम म्हणाल्या, "किती शिकवून ठेवलंय लोकांना!"

पण खरी मेख पुढंच आहे. परत येऊन त्यांनी स्वयंपाकाची जागा पाहिली. "तुमच्याकडं साधी चूलसुद्धा नाही. म्हणजे गॅस आहे, तोही लपवलाय," असं म्हणून त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. तीन दगडांवर आम्ही रांधतो, ते त्यांना चूल वाटलं नाही, कारण फोटोतल्यासारखं दिसत नव्हतं.

म्हणजे पहिल्यांदा परक्याच्या वस्तूंनी आम्हाला श्रीमंत केलं, आणि दुसऱ्यांदा आमच्याच वस्तूंनी तुझ्याकडं राहून आम्हाला खोटं पाडलं. अर्ज कायमचा बंद, असं सांगून ते गेले. ट्रस्टीसाहेबांनी जाताना एकदा कोंबड्यांच्या खुराड्याकडं पाहिलं.

हर्षालीला मी काही बोलले नाही, तिला सगळं कळलं. तिनं खेकड्याचा पाय खिशातून काढून कौलाखाली खोचून ठेवला.

शाळा गेली, ते मी सोसेन. एक गोष्ट मात्र सोसत नाही, म्हणून सांगते. घाटाकडून वारं सुटलंय. तुझ्याकडं जी देखाव्याला आहे ना, ती आमची पांघरायची गोधडी आहे. दुसरी आहे ती लहान पडते. पोर माझ्या आणि सासूबाईंच्या मध्ये निजते, तरी पाठ उघडी राहते तिची. सासूबाईंना मी अजून सांगितलेलं नाही की गोधडी कुठं आहे. त्या विचारतात, "दिपेशचा खेळ झाला नाय का गो अजून?"

दर्शना

—

शहापूर
१६ फेब्रुवारी

दर्शू,

तुझं पत्र दुकानात आलं. गिऱ्हाईक समोर होतं, म्हणून दोन ओळी वाचून खिशात ठेवलं. मग पुढचं वाचायचा धीर झाला नाही. आठवडा तसाच गेला.

मागच्या शनिवारी शाळेत 'कृतज्ञता सोहळा' झाला. निवडलेल्या मुलांनी आणि पालकांनी स्टेजवर जाऊन देणगीदारांचे आभार मानायचे असतात. साध्या कपड्यांत या, असा निरोप होता. रितेशला एक कागद दिला, त्यावर "माझ्या घरी दिवा नव्हता" असं वाक्य होतं. तो वाचताना अडखळला, तर लोकांना वाटलं रडतोय, टाळ्या पडल्या. मग एका शेठनं माझ्या खांद्यावर हात ठेवून माइकवर सांगितलं, "याच्यासारख्यांना आपणच उभं करायचंय." तो शेठ माझ्याच दुकानातून टाइल्स नेतो. त्यानं मला ओळखलं नाही.

दर्शू, तो हात खांद्यावरून निघेना. घरी येऊन मी तुझं पत्र पूर्ण वाचलं. पाठ उघडी राहते, इथवर आलो आणि नेहाच्या देखत रडलो. मी वाईट वागलो. याच्यापुढं 'पण' लावायची सवय आहे मला, आज लावत नाही.

सोमवारी शाळेत जाऊन सगळं कबूल केलं. चूल बहिणीची, गोधडी बहिणीची, साडी बहिणीची, माझं दुकान आहे, गाडी आहे, जागा माझ्या भाचीला द्या. सोनाली मॅडम ऐकत राहिल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. ट्रस्टींना बोलावून म्हणाल्या, "बघा सर, स्वतःच्या घरात चूल नाही, ती बहिणीकडून मागून आणावी लागते, आणि तरी भाचीसाठी जागा सोडायला निघालाय. इतका प्रामाणिकपणा गरिबाकडंच असतो." मी गाडीची चावी टेबलावर ठेवली. ट्रस्टी म्हणाले, "ड्रायव्हर आहात का?" दर्शू, त्यांनी माझी सवलत दहावीपर्यंत वाढवली. जागा बदलून मिळत नाही, तसा नियम आहे म्हणे.

बाहेर आलो तेव्हा एकच गोष्ट सुचली. रितेशची फी मी भरणारच होतो, ती आता वाचलीय. ती हर्षालीची म्हणून भरतो. दहावीपर्यंत. पूर्ण फी भरणाऱ्याला ते काही विचारत नाहीत, घरही बघत नाहीत. हे तुझ्यावर उपकार नव्हेत. तुझंच आहे, वाट वाकडी करून तुझ्याकडं येतंय.

गोधडी आणि चूल घेऊन मी स्वतः येणार होतो. तोंड दाखवायचं धाडस होत नाही, म्हणून आधी विचारतो. येऊ का?

दिपेश

—

वाडी
१९ फेब्रुवारी

दादा,

तुझं पत्र मी सासूबाईंना वाचून दाखवलं, सगळं, गोधडीसकट. मग शेठनं तुला ओळखलं नाही इथं त्यांना हसू फुटलं, आणि त्या हसल्या म्हणून मीही हसले. राग गेलाय असं समजू नकोस. थोडा ठेवलाय, रक्षाबंधनाला लागेल.

हर्षालीनं कौलाखालचा पाय काढून पुन्हा खिशात घातलाय. एवढ्यावरून काय ते समज.

पण सासूबाईंची एक अट आहे. त्या म्हणतात, "पाच-सहा वरसं फी भरनार म्हंतो. त्याला झेपतंय का नाय, ता आदी बघाय नको? मदत घ्याची तं देनाऱ्याचा घर बघून घ्याची." मी पुष्कळ सांगितलं, ऐकत नाहीत. तेव्हा तू येऊ नकोस, आम्हीच येतोय. रविवारी सकाळच्या जीपनं त्या तुझ्या घराच्या पाहणीला निघणार, बरोबर मी आणि हर्षाली. लडकूही यायचं म्हणतोय, त्याला घरं तपासायची आता सवय झालीय.

फ्रीज होता तिथं आणून ठेव, गाडी दारात लाव. ओट्यावरची चादर काढ. खुर्च्या मात्र मांडू नकोस. सासूबाई खालीच बसतील, आपल्या गोधडीवर.

तुझी दर्शू